सीट बेल्ट सावकाश आत जातो? आधी वरची कडी पुसा, मग स्प्रिंगला दोष द्या

बकल सोडले की सीट बेल्टचा पट्टा सरसर वर जाऊन खांबाला टेकला पाहिजे. तो तसा न जाता मांडीवर आणि मग सीटच्या कडेला लोळत राहिला, की उतरणारा घाईत दार लावतो आणि पट्ट्याची धातूची जीभ दाराच्या फटीत सापडते. माझ्या बारा वर्षांच्या हॅचबॅकमध्ये चालकाच्या दाराच्या चौकटीवर रंगाचे चार टवके उडालेले आहेत, ते सगळे या जिभेचेच काम आहे. दोन वर्षे मी दर वेळी पट्टा हाताने आत सारून वेळ मारून नेली. शेवटी एका गॅरेजमध्ये दाखवले, तेव्हा स्प्रिंग गेली आहे, संपूर्ण बेल्ट बदलावा लागेल, असे सांगून काही हजारांचा आकडा देण्यात आला. त्याच आठवड्यातल्या रविवारी साबण, जुना टूथब्रश आणि एक क्लिप एवढ्या सामग्रीवर पट्टा पूर्ववत झाला. त्याला आता तीन वर्षे झाली आणि स्प्रिंग अजून तीच आहे.

बहुतेक गाड्यांमध्ये हा दोष स्प्रिंगचा नसून मळाचा असतो. म्हणून काम कोणत्या क्रमाने करायचे हे महत्त्वाचे आहे: आधी तपासणी, मग कडी, मग पट्टा, आणि एवढे करूनही फरक पडला नाही तरच खांबाच्या आतल्या यंत्रणेकडे वळायचे.

स्प्रिंग मुळातच दुबळी का असते

दोन दारांच्या मधल्या खांबात, म्हणजे बी-पिलरमध्ये, खालच्या बाजूला रिट्रॅक्टर बसवलेला असतो. त्यात पट्टा गुंडाळणारी एक फिरकी असते आणि फिरकीच्या एका बाजूला, प्लॅस्टिकच्या बंद डबीत, चावीच्या घड्याळात असते तशी चपटी गुंडाळलेली कमान, म्हणजेच स्प्रिंग, असते. पट्टा ओढला की ही कमान आवळली जाते आणि सोडला की ती उलगडताना फिरकीला उलटे फिरवते. पट्टा आत ओढण्यापुरतेच तिचे काम असते. अपघातात माणसाला रोखून धरणारी यंत्रणा वेगळी असते: गाडीचा वेग एकदम कमी झाला किंवा पट्ट्याला हिसका बसला की एक खटका फिरकीच्या दात्यांत अडकतो आणि फिरकी जागच्या जागी थांबते.

संयुक्त राष्ट्रांच्या सीट बेल्टविषयीच्या नियमावली क्रमांक १६ मध्ये छातीवरून जाणाऱ्या पट्ट्याला आत ओढणारे बल किमान १ आणि कमाल ७ न्यूटन असावे, असे सांगितले आहे. हे बल १०० ग्रॅम ते ७०० ग्रॅम वजनाइतके भरते. यापेक्षा जोरकस कमान बसवली तर पट्टा दिवसभर छातीवर आणि गळ्याशी रुतत राहील आणि कंटाळलेला माणूस तो लावणेच सोडून देईल. त्यामुळे कमान मुद्दाम हलकी ठेवलेली असते, आणि ती हलकी असल्यामुळेच वाटेतले थोडेसे घर्षणही तिला भारी पडते.

हे घर्षण मुख्यतः एकाच जागी होते. खांबातून वर आलेला पट्टा खांद्याजवळच्या कडीतून, म्हणजे डी-रिंगमधून, वळसा घेऊन खाली उतरतो. नावाडी धक्क्यावरच्या खुंटाला दोराचे दोन वेढे देतो आणि मग एका हाताने अख्खी होडी थोपवून धरतो, तोच नियम इथे आपल्या विरोधात काम करतो. वळसा जितका मोठा आणि पृष्ठभाग जितका चिकट, तितकी ओढ वाया जाते, आणि ती सरळ प्रमाणात नव्हे तर गुणाकाराने वाया जाते. समजा, पट्टा कडीवर सुमारे १३० अंशांचा वळसा घेतो आहे. घर्षणांक ०.२ असेल तर कडीच्या पलीकडे पट्टा हलवण्यासाठी रिट्रॅक्टरला साधारण दीडपट जोर लावावा लागतो. मळामुळे तोच अंक ०.४ झाला की जवळपास अडीचपट. ज्या कमानीकडे मुळात पाचशे ग्रॅमची ओढ आहे, तिच्या हाती खांद्यापाशी दोनशे ग्रॅमच उरतात, आणि तेवढ्यात जिभेचे वजनही तिलाच उचलायचे असते.

तपासणी: दोष कडीचा की कमानीचा

गाडी सपाट जमिनीवर उभी करावी. उतारावर उभ्या असलेल्या गाडीत किंवा एका बाजूला कललेल्या गाडीत रिट्रॅक्टरमधला झुकाव ओळखणारा खटका अडकू शकतो आणि मग आपण भलत्याच दोषाच्या मागे लागतो. पट्टा बाहेर येतच नसेल, तर ते अडकणे आहे. बाहेर सहज येतो पण आत जाताना रेंगाळतो, तर ते सावकाश गुंडाळणे आहे. हा लेख दुसऱ्या प्रकाराचा आहे. अमेरिकेतल्या वाचकांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी: तिथल्या गाड्यांत प्रवाशाचा पट्टा पूर्ण बाहेर ओढला की तो बहुधा लहान मुलांच्या सीटसाठीच्या कुलूपबंद अवस्थेत जातो आणि टकटक आवाज करत फक्त आत जातो. तो बिघाड नव्हे. पट्टा पूर्ण आत गेला की ती अवस्था सुटते.

आता पट्टा शेवटपर्यंत बाहेर काढावा आणि उजेडात दोन्ही बाजूंनी न्याहाळावा. कडीपाशी तो दुमडलेला किंवा पिळलेला नाही ना, हे आधी पाहावे, कारण जीभ एकदा उलटी फिरली की पट्ट्याची घडी कडीत अडकून बसते आणि बाकी सारे स्वच्छ असूनही तो हलत नाही. पिळलेला पट्टा सोडवताना जीभ कडीच्या खाली हातभर अंतरावर आणावी, तिच्या लगेच वर पट्ट्याला तिरकी घडी घालून ती घडी जिभेच्या फटीतून ओवून पलीकडे काढावी आणि मग पट्टा सरळ करावा. दोन-तीन प्रयत्नांत जमते.

खरी कसोटी यानंतरची आहे आणि ती गॅरेजमध्ये सहसा कोणी करत नाही. पट्टा खांबाच्या आवरणातल्या फटीतून बाहेर येतो आणि कडीपर्यंत जातो, तेवढा वीतभर भाग बहुतेक गाड्यांत बाहेरून दिसतो. एका हाताने पट्टा वरून कडीतून मागे सारावा, म्हणजे कडी आणि फट यांच्यामध्ये ढिला झोल तयार होईल, आणि त्या झोलाकडे नीट पाहावे. झोल तयार होताक्षणी रिट्रॅक्टरने तो गट्ट करून टाकला, तर कमान ठणठणीत आहे आणि सगळा दोष कडीचा व पट्ट्याचा आहे. झोल तसाच लोंबत राहिला किंवा गचके खात आत गेला, तर दोष खाली आहे. माझ्या गाडीत झोल डोळ्याचे पाते लवण्याआधी नाहीसा होत होता आणि कडीच्या पुढचा पट्टा मात्र गोगलगाईसारखा सरकत होता. गॅरेजवाल्याने एवढे पाहिले असते तर स्प्रिंगचे नाव काढले नसते.

कडीची सफाई

कडीच्या आतल्या, पट्टा घासतो त्या काठावरून नख फिरवून पाहावे. नखात तपकिरी-काळा, मेणासारखा थर येईल. पट्टा घामाने ओला होतो, मानेला व दंडाला लावलेली क्रीम त्याला लागते, डोक्याचे खोबरेल तेल त्याच्यावर उतरते आणि उघड्या काचेतून आलेली धूळ त्यावर बसते. हे सारे कडीच्या काठावर खरवडले जाऊन तिथे दाबले जाते आणि उन्हात तापून घट्ट होते. कोकणात हा थर लालसर निघतो.

जुन्या सुती कापडाची बोटभर रुंद पट्टी फाडून घ्यावी, ती कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून पिळावी आणि पट्टा बाजूला सारून कडीच्या फटीतून ओवावी. दोन्ही टोके धरून करवतीसारखी पुढे-मागे ओढावी. कापड काळे झाले की स्वच्छ भाग पुढे घ्यावा. साबणाने न निघणाऱ्या थरासाठी औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापड ओलसर करून तीच क्रिया करावी. अल्कोहोल फक्त कडीसाठी वापरावे आणि त्या वेळी दारे उघडी ठेवावीत. ब्लेड, स्क्रू-ड्रायव्हरचे टोक, पॉलिश पेपर किंवा तारेची घासणी यांचा मोह आवरावा, कारण कडीवर पडलेला बारीकसा ओरखडा पुढे रोज पट्ट्याचे धागे कापत राहतो. शेवटी स्वच्छ ओल्या कापडाने आणि मग कोरड्या कापडाने कडी पुसावी व बोट फिरवून काठ काचेसारखा गुळगुळीत लागतो की नाही हे पाहावे. कडीच्या आतले प्लॅस्टिकचे अस्तर झिजून खाली धातू उघडा पडला असेल, तर सफाईने भागणार नाही. कडी बदलावी लागेल.

अनेकदा काम इथेच संपते. तरी पट्टाही धुवावा, कारण मळका पट्टा स्वच्छ कडीला पंधरा दिवसांत पुन्हा पहिल्यासारखी करून ठेवतो.

पट्टा धुणे

या कामाला वेळ फार लागत नाही, पण वाळायला रात्र जाते. म्हणून ते दुसऱ्या दिवशी गाडी लागणार नसेल तेव्हाच हाती घ्यावे. पट्टा पूर्ण बाहेर ओढावा आणि खांबाच्या फटीपाशी त्याला कागदपत्रांना लावतात ती मोठी काळी क्लिप किंवा सुताराचा छोटा क्लॅम्प लावावा. धातूचा जबडा पट्ट्याला थेट लागू नये यासाठी मध्ये जाड कापडाची घडी घालावी. क्लिप निसटली तर ओला पट्टा आत जातो आणि ओलसर, काळोख्या डबीत त्यावर बुरशी धरते, म्हणून क्लिप ओढून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. सीटवर आणि उंबऱ्यावर जुना टॉवेल अंथरावा.

मगभर कोमट पाण्यात भांडी घासायच्या सौम्य लिक्विडचे किंवा लहान मुलांच्या शाम्पूचे काही थेंब पुरेसे होतात. मऊ ब्रश त्यात बुडवून, झटकून, पट्ट्याच्या लांबीच्या दिशेने वरून खाली चालवावा. आडवे घासल्याने कडेचे धागे उसवतात. एका वेळी हातभर भाग घ्यावा, घासावा, स्वच्छ ओल्या कापडाच्या घडीत पट्टा धरून ती घडी खाली ओढावी, आणि फेस येणे थांबेपर्यंत पाणी बदलत हेच करावे. साबण राहिला तर पट्टा वाळल्यावर ताठ होतो आणि सगळी मेहनत वाया जाते. कडी आणि खांबाची फट यांच्यामधल्या भागावर पाणी ओतू नये. तिथून ते पट्ट्याच्या आधाराने सरळ रिट्रॅक्टरमध्ये उतरते. तो भाग पिळलेल्या कापडानेच पुसावा.

ब्लीच, डाग काढणारी रसायने, पेट्रोल, थिनर आणि कपडे रंगवायचा रंग यांतले काहीही पट्ट्याला लावू नये. हा पट्टा पॉलिएस्टरच्या धाग्यांचा घट्ट विणलेला असतो आणि रसायनाने त्याची ताकद कमी झाली तरी तो दिसायला तसाच राहतो.

पट्टा ओला असताना त्याची तपासणी चांगली होते, कारण ओल्या पट्ट्यावर कापलेले धागे उठून दिसतात. कडेला उसवण, सिगारेटच्या ठिणगीचे वितळलेले टोक, एखाद्या जागी लाकडासारखा कडकपणा, शिवणीतले तुटलेले टाके, यांतले एकही आढळले तर धुणे थांबवून बेल्ट बदलण्याचाच विचार करावा. पट्ट्याच्या खालच्या टोकाला शिवलेले लेबल याच वेळी मोबाईलवर टिपून ठेवावे. नवा भाग मागवायची वेळ आली तर त्यावरचे क्रमांक आणि निर्मितीची तारीख उपयोगी पडते.

वाळवताना क्लिप काढू नये आणि ऊन किंवा हेअर ड्रायर वापरू नये. काचा थोड्या खाली करून, सावलीत, रात्रभर पट्टा ताणलेला ठेवावा. जून ते सप्टेंबर या काळात रत्नागिरी किंवा पणजीसारख्या ठिकाणी एक रात्र पुरत नाही. दार उघडून टेबल-पंखा लावावा आणि दोन दिवस धरून चालावे. पट्टा गालाला लावून थंड लागला तर तो अजून ओला आहे. पूर्ण वाळल्यावर जीभ एका हातात धरून क्लिप काढावी आणि पट्टा हळूहळू आत जाऊ द्यावा. माझ्या गाडीत आधी सात-आठ सेकंद घेणारा पट्टा, मग मनातल्या मनात 'एक, दोन' म्हणेपर्यंत वर जाऊ लागला.

सिलिकॉन स्प्रे मारावा का?

हा उपाय सर्रास सांगितला जातो आणि तो मारला की पट्टा त्या दिवशी खरोखर पळतो. तरीही पट्ट्यावर कोणतेही वंगण लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तेलकट वंगणावर धूळ अधिक वेगाने बसते, ही झाली लहान अडचण. मोठी अशी, की काही बेल्टमध्ये अपघाताच्या वेळी जीभ किंवा रिट्रॅक्टरमधला जबडा पट्ट्यालाच चावून धरतो, आणि आपण ज्या पट्ट्याला निसरडे करतो तोच त्या क्षणी न घसरण्याची अपेक्षा असते. खोबरेल तेल, डब्ल्यूडी-४० आणि टाल्कम पावडर यांनाही हेच लागू आहे.

तरीही फरक पडला नाही तर

झोलाच्या कसोटीत दोष खाली निघाला असेल, तर खांबाचे प्लॅस्टिकचे आवरण काढावे लागते, आणि इथे घरगुती कामाची हद्द संपत आल्याची जाणीव ठेवावी. अनेक गाड्यांत रिट्रॅक्टरला प्रीटेन्शनर जोडलेला असतो. त्यात स्फोटक द्रव्याची छोटी कुपी असते आणि धडकेच्या क्षणी ती उडून पट्टा आवळते. तिची वायर बहुधा पिवळ्या कनेक्टरची असते. असा कनेक्टर दिसला की हात मागे घ्यावा. त्यावर साधा मल्टिमीटर लावून 'करंट येतो का' हे पाहणे तर कधीच करू नये. ज्यांना हे काम करायचेच आहे त्यांनी इग्निशन बंद करून बॅटरीचे ऋण टोक सोडावे, गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबावे आणि त्यानंतरच आवरणाला हात लावावा.

दाराचे रबर सोडवले की आवरणाची कड मोकळी होते. आवरण आतल्या चापांवर बसलेले असते. ते स्क्रू-ड्रायव्हरने उचकटण्याऐवजी प्लॅस्टिकच्या पट्टीने, चापाच्या अगदी जवळ जोर देऊन काढावे. आत टॉर्च टाकून तीन गोष्टी पाहाव्यात. पट्ट्याबरोबर आत गेलेला चॉकलेटचा कागद, सुटे नाणे किंवा सीट कव्हरचा तुटलेला इलॅस्टिक फिरकीला अडवतो का? आवरणाची फट सरकून पट्ट्याच्या कडेला घासते आहे का? आणि रिट्रॅक्टर सरळ बसलेला आहे का? जुन्या अपघातानंतर डेंटिंग केलेल्या गाडीत तो तिरका कसलेला आढळतो, आणि तेव्हा पट्टा फिरकीवर एका बाजूला चढत जाऊन घासतो. कचरा ब्रशने आणि व्हॅक्यूमने काढावा. हवेचा जोराचा झोत मारू नये, कारण धूळ उडून खटक्याच्या यंत्रणेत बसते. बोल्ट सोडलेच असतील तर ते अंदाजाने न कसता मॅन्युअलमधल्या आकड्यानुसार टॉर्क पान्याने कसावेत, कारण अपघातात माणसाचा सगळा भार त्या बोल्टवर येतो.

कमानीची डबी उघडून तिला दोन वेढे जास्त देण्याचे प्रयोग मोबाईलवर पाहायला मिळतात. झाकण निघताच आवळलेली कमान पात्यासारखी उसळून बाहेर येते आणि बोटे कापते. ती पुन्हा बसवली तरी फिरकी पूर्ण उलगडण्याआधीच कमानीचे वेढे संपण्याची शक्यता राहते, म्हणजे जाड माणसाला किंवा पुढे सरकवलेल्या सीटला पट्टा पुरत नाही. कमान खरोखर मेली असेल तर त्या बाजूचा संपूर्ण नवा संच घ्यावा. डावा व उजवा संच वेगळा असतो, हे मागवताना सांगावे. भंगारातला संच स्वस्त मिळतो, पण तो कोणत्या अपघातातून आला आहे हे बाहेरून कळत नाही, आणि एकदा धडक सोसलेला पट्टा पुन्हा वापरायचा नसतो.

हिसक्याची चाचणी, आणि मागच्या सीटचे पट्टे

काम संपल्यावर गाडी सुरू करण्याआधी पट्टा हलकेच ओढावा, तो मोकळा आला पाहिजे. मग एकदम हिसका द्यावा, तो जागीच थांबला पाहिजे. हे पाच-सहा वेळा, वेगवेगळ्या लांबीवर करावे. हिसक्याला न थांबणारा पट्टा कितीही झपाट्याने आत जात असला तरी गाडी रस्त्यावर काढू नये. बकलमध्ये जीभ घालून खट्ट आवाज येतो ना, डॅशबोर्डवरचा बेल्टचा दिवा विझतो ना आणि एअरबॅगचा दिवा पेटून राहिलेला नाही ना, हेही पाहावे. मग बसलेल्या स्थितीत पट्टा छातीवरून दोन इंच पुढे ओढून सोडावा. तो स्वतःहून परत छातीला टेकला पाहिजे. सावकाश गुंडाळणाऱ्या पट्ट्याचा खरा धोका दाराच्या टवक्यांत नसून या दोन इंचांत असतो, कारण धडकेत शरीर आधी तेवढे अंतर पुढे फेकले जाते आणि मगच पट्टा त्याला अडवतो.

पुढचे पट्टे झाले की मागचेही पाहून घ्यावेत. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात मागे बसलेल्या सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला आणि त्यांनी बेल्ट लावलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. त्यानंतर मागच्या बेल्टची चर्चा झाली खरी, पण केंद्रीय मोटार वाहन नियम १३८(३) नुसार समोर तोंड करून मागे बसणाऱ्यांनाही बेल्ट आधीपासूनच सक्तीचा होता, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ बी नुसार तो न लावण्याचा दंड १,००० रुपये आहे. आपल्याकडे मागचे पट्टे मळत नाहीत, ते न वापरल्याने आखडतात. सीट कव्हर शिवताना बकले खाली दाबली जातात आणि वर्षानुवर्षे तिथेच राहतात. माझ्या गाडीतले मधले बकल काढायला कव्हरची शिवण चार बोटे उसवावी लागली. त्याच्या खाचेत शेंगदाण्याचे टरफल बसले होते. ते चिमट्याने काढले आणि पट्टा पंचवीस-तीस वेळा पूर्ण बाहेर ओढून आत सोडला, तेव्हा कुठे तो मोकळा झाला.